रिकाम्या क्रेटचं वजन

डॉ. सकीना बागवान यांची आणि माझी पहिली भेट नोकरीच्या मुलाखतीत झाली. संख्याशास्त्राची एम.एस्सी. नुकतीच पदरात पडली होती आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला ही समजूत मुद्दाम करून घ्यावी लागत नाही. टेबलापलीकडे तिघं बसले होते. दोघांनी सूत्रं विचारली, ती मी घडाघडा म्हणून दाखवली. तिसऱ्या बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एक कागद माझ्यासमोर सरकवला. त्यावर सातवीच्या गणितातला प्रश्न होता: एक गृहस्थ चौथ्या मजल्यावरून लिफ्टनं सहा मजले खाली उतरले, तर ते कोणत्या मजल्यावर पोचले?

मी लगेच म्हटलं, उणे दोन. बाई म्हणाल्या, "उत्तर नाही विचारलं. हा प्रश्न कोणाला येणार नाही?" मी म्हटलं, ज्याचा अभ्यास झालेला नाही त्याला. "ते झालंच. ज्यांचा अभ्यास झालाय, त्यांच्यातल्या कोणाला येणार नाही?" माझं घडाघडा तिथंच थांबलं. बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं की ज्या मुलानं तळघरात जाणारी लिफ्ट कधी पाहिलेली नाही, ते मूल जमिनीपाशी येऊन थांबतं आणि उरलेले दोन मजले कुठे गेले ते शोधत बसतं. त्याला ऋण संख्या येत असतात, फक्त लिफ्ट येत नसते. मला नोकरी मिळाली. का मिळाली ते मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मॅडम आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ काढायचं ठरवलं, तेव्हा आम्ही काही जण परवानगी मागायला त्यांच्या घरी गेलो होतो. कंपवातानं त्यांचे हात आता सतत थरथरतात. बोलणंही हळू झालं आहे, एकेक शब्द निवडून ठेवल्यासारखा येतो. त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ग्रंथ काढायचा तर काढा. पण क्रेटचा प्रश्न त्यात आला पाहिजे. तो हिनं लिहायचा. नसेल येणार, तर मुखपृष्ठावर माझं नाव घालू नका." समितीतल्या एका ज्येष्ठांनी हसून विषय बदलायचा प्रयत्न केला. गौरवग्रंथात चुकांचं काय काम, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं ज्यांच्या वाट्याला आलं आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. तेव्हा हा लेख इतर लेखांसारखा प्रसन्न नसेल तर वाचकांनी मला बोल लावू नये, सत्कारमूर्तींना लावावा.

आधी कामाबद्दल. आमची संस्था शाळांसाठी आणि शिष्यवृत्त्यांसाठी परीक्षा तयार करते, आणि ते काम शिकवणारे वर्गही चालवते. त्या परीक्षांचीच परीक्षा घेणारा एक छोटा विभाग मॅडमनी उभा केला. एखादा प्रश्न मुलाचं ज्ञान मोजतो आहे की त्याचं घर, हे आकड्यांवरून शोधायचं, हे आमचं काम. सुरुवातीला इमारतीतल्या पुष्कळांना आम्ही झेरॉक्स विभाग आहोत असंच वाटायचं आणि लोक कागद घेऊन येऊन उभे राहायचे.

पद्धत सांगायला सोपी आहे. मुलगे आणि मुली, किंवा महापालिकेच्या शाळा आणि खासगी शाळा, असे दोन गट घ्यायचे. त्यांची सरसकट तुलना करायची नाही, कारण एका गटाची तयारीच कमी असू शकते. म्हणून आधी पूर्ण परीक्षेत सारखे गुण मिळवणारी मुलं एकत्र करायची आणि त्यांच्यात पाहायचं, हा एक प्रश्न दोन्हीकडच्यांना सारखाच आला का? गुण सारखे, म्हणजे तयारी सारखी. तरीही एकाच बाजूची मुलं त्या प्रश्नावर अडत असतील, तर प्रश्नाकडे संशयानं पाहायचं. पुढची सगळी आकडेमोड हा संशय योगायोगाचा आहे की खरा, एवढं ठरवण्यासाठी असते.

लिफ्टचा प्रश्न आम्ही असाच पकडला आणि काढून टाकला. त्यावर एका खासगी शाळेचे प्राचार्य रागावून भेटायला आले. आमच्या मुलांच्या सोसायटीत लिफ्ट आहे हा आमच्या मुलांचा गुन्हा आहे का, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "गुन्हा नाही. पण गणितही नाही." प्राचार्यांनी चहा घेतला नाही.

मॅडमच्या कडक शिस्तीबद्दल या ग्रंथात इतरांनी लिहिलंच असेल. मला त्यांच्या मायेबद्दल एक आठवण सांगायची आहे. मी नोकरीला लागले तेव्हा आईनं विचारलं होतं, "बागवान म्हणजे ते फळवाले?" मी म्हटलं, हो, तेच फळवाले. मॅडमच्या थोरल्या बंधूंचा मार्केट यार्डात फळांचा गाळा होता आणि घराण्यात पिढ्यान् पिढ्या तोच धंदा. आईनं पुढे काही विचारलं नाही. आमच्या घरात न विचारलेल्या गोष्टींचाच आवाज मोठा असायचा. काही वर्षांनी आईला दवाखान्यात ठेवावं लागलं, अन्न जाईना. मॅडम संध्याकाळी गाळ्यावरून डाळिंबं घेऊन यायच्या, खाटेशेजारी बसून एकेक दाणा सोडवायच्या आणि वाटी आईच्या हातात द्यायच्या. बोलणं फारसं नसायचं. एक दिवस मॅडमना यायला उशीर झाला तर आई मला म्हणाली, "अगं, त्या आल्या नाहीत का अजून?" आई त्या दुखण्यातून उठली नाही. पण शेवटपर्यंत तिच्या पोटात जे काही जात होतं ते मॅडमच्या हातचं जात होतं. त्याच हातांना आता डाळिंब सोलता येत नाही, हे मला बघवत नाही.

आता क्रेटचा प्रश्न.

एका विश्वस्त संस्थेची शिष्यवृत्ती परीक्षा होती. त्यात वर आलेल्या मुलांना चांगल्या निवासी शाळेत दहावीपर्यंतचं शिक्षण मिळणार होतं. परीक्षा शहरभरातल्या शाळांमधून झाली, उत्तरपत्रिका आमच्याकडे आल्या. निकाल लावण्याआधी कोणत्याही एका गटाकडे झुकलेले प्रश्न शोधून काढायचे, असं ठरलेलं होतं. त्यात हा एक प्रश्न होता: टोमॅटोनं भरलेल्या क्रेटचं वजन बावीस किलो आहे. अर्धे टोमॅटो काढून घेतल्यावर वजन बारा किलो भरतं. तर रिकाम्या क्रेटचं वजन किती?

अर्धे टोमॅटो दहा किलोंचे, म्हणजे सगळे वीस, म्हणून क्रेट दोन किलोंचं. पण खूप हुशार मुलंसुद्धा बावीसमधून बारा वजा करून तिथंच थांबली होती आणि त्यांनी उत्तर दहा लिहिलं होतं.

आमच्याकडे मॅडमनीच घालून दिलेला एक रिवाज होता. तक्त्यावर गटांची नावं लिहायची नाहीत, फक्त अ आणि ब. प्रश्न ठेवायचा की काढायचा हे ठरेपर्यंत कोण अ आणि कोण ब, हे बैठकीतल्या कोणालाही कळता कामा नये. माणसाचं मन आपल्या माणसांकडे झुकतं, म्हणून मनाला नावच कळू द्यायचं नाही, असा त्यांचा विचार होता. क्रेटचा प्रश्न स्पष्टपणे झुकलेला होता. सारखे गुण असलेल्या मुलांमध्ये ब गटातल्या मुलांना तो कितीतरी जास्त येत होता. मॅडमनी विचारलं, काढायचा? सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रश्न निघाला.

मग नावं उघड झाली. ब गट म्हणजे महापालिकेच्या शाळा, आणि त्यातही प्रश्न बरोबर सोडवणारी बरीचशी मुलं मार्केट यार्डाच्या आसपासच्या शाळांमधली. बैठकीतल्या एका सहकाऱ्यांना वाईट वाटलं. या मुलांना हा एक तरी प्रश्न येत होता, तोही काढायचा का, असं ते चाचरत म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "लिफ्टच्या वेळी आपण बाजू पाहिली नाही. आज पाहायची?" आणि थोड्या वेळानं, "माझं सगळं घर क्रेटवर जगतं. मी तर जास्तच कडक राहायला हवं." मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला होता. आकडे बरोबर होते, रीत बरोबर होती, आणि इतका ताठ माणूस आपला वरिष्ठ आहे याचा आनंद होता. निकाल लागला.

सुटीच्या सकाळी मॅडम भावाच्या गाळ्यावर जात असत. तिथं बबनराव नावाचे हमाल होते, बरीच वर्षं त्याच गाळ्यावर. त्यांची मुलगी सुरेखा या परीक्षेला बसली होती. (नाव बदललं आहे, आणि हे लिहिण्याआधी त्यांची परवानगी घेतली आहे.) निकालानंतरच्या सुटीत बबनराव मॅडमसमोर येऊन उभे राहिले. निकालाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पोरगी धड जेवत नव्हती, बोलत नव्हती. पेपर देऊन घरी आली तेव्हा तिनं बापाला क्रेटचं गणित सांगितलं होतं, रिकामं क्रेट दोन किलोंचं. बाप म्हणाला होता, बरोबर. दोघं खूश झाले होते. आता ती म्हणत होती की तेही चुकलं असणार. "ते बरोबर का चूक, येवढंच सांगा ताई," बबनराव म्हणाले.

मॅडमनी सांगितलं, बरोबर होतं. पण तो प्रश्न आम्ही काढून टाकला. बबनरावांनी विचारलं, का? आणि मॅडमना उत्तर द्यावं लागलं: "तुमच्याकडच्या मुलांना तो जास्त येत होता म्हणून."

बबनरावांनी मान हलवली, डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि ते कामाला गेले. मॅडमनी मला हे नंतर सांगितलं तेव्हा म्हणाल्या की ते वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा त्यांना स्वतःला ऐकू आलं. बैठकीत ते कोणी असं बोललंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळी परीक्षा पुन्हा काढायला लावली. या वेळी अ आणि ब नको, नावं घालूनच, म्हणाल्या. आम्ही प्रत्येक प्रश्न तपासला. बँकेतलं व्याज, बागेभोवतीचं कुंपण, केकचे भाग, सहलीच्या बसचं भाडं. यांतला एकही प्रश्न संशयास्पद ठरण्याइतका झुकलेला नव्हता. पण त्यांतले बहुतेक थोडे थोडे एकाच बाजूला, खासगी शाळांच्या बाजूला, झुकलेले होते. आणि आम्ही मुलांची तयारी कशावरून ठरवत होतो? याच प्रश्नांच्या बेरजेवरून. म्हणजे सारखे गुण मिळवणारी महापालिकेच्या शाळेतली मुलगी मुळात थोडी पुढेच असणार होती. तिला क्रेटचा प्रश्न जास्त आला यात नवल नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "घरातली सगळी घड्याळं पाच मिनिटं मागे असतील, तर बरोबर चालणारं घड्याळ पुढे गेल्यासारखं दिसतं. आपण ते बिघडलं म्हणून काढून टाकलं."

तो प्रश्न ठेवला असता तर सुरेखा निवडीत येत होती. एका गुणानं ती बाहेर गेली होती.

मॅडम विश्वस्तांकडे गेल्या. बरोबर मीही होते. त्यांनी सगळं स्वच्छ सांगितलं, चूक आमची आहे असं लिहून देते म्हणाल्या. विश्वस्त सभ्य माणसं होती. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि जागा भरल्या आहेत, शाळा सुरू झाली आहे, एक निकाल उघडला तर सगळेच उघडावे लागतील, असं समजावून सांगितलं. मॅडमसारख्या काटेकोर व्यक्तीनं इतकं मनाला लावून घेऊ नये, असंही म्हणाले. परतताना मॅडमनी रिक्षा केली नाही. आम्ही पायी आलो.

त्या बबनरावांना भेटल्या. मुलीला मी स्वतः सांगते, म्हणाल्या. बबनरावांनी हात जोडले. "पोरीला सांगू नगा, ताई. मी बी तिला काय बोललो न्हाई. आता कुठं शिवणाच्या क्लासला जाया लागलीया, जेवाया लागलीया. नशिबात न्हवतं म्हनलं की मानूस गप बसतंय. तुझंच हुतं आन् गेलं म्हनलं तर तिला झोप यायची न्हाई." बापाचं हे म्हणणं मॅडमना मोडता आलं नाही. तुम्ही आहात तोवर सांगणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. पुढची सगळी वर्षं तो पाळला.

तो पाळणं सोपं नव्हतं. सुरेखा बापाचा डबा घेऊन गाळ्यावर यायची, मॅडम दिसल्या की हसायची. तिनं नववीत शाळा सोडली, तेही मॅडमना गाळ्यावरच कळलं. तिच्या लग्नाला आम्ही दोघी गेलो होतो. तिनं नवऱ्याला ओळख करून दिली, "या बागवानांच्या ताई. फार शिकलेल्या आहेत." परतताना स्वारगेटच्या चौकात रिक्षा अडकली होती, चहूकडून हॉर्न वाजत होते. मॅडम बाहेर बघत होत्या. "फार शिकलेल्या," एवढंच म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं आहे.

या चुकीतून आमच्या विभागात एक नवा रिवाज आला, आणि तो मॅडम निवृत्त झाल्यावरही चालू आहे. आकड्यांनी संशयित ठरवलेला प्रश्न टेबलाभोवती बसून काढायचा नाही. आधी दोन्हीकडच्या मुलांकडे जायचं, त्यांना तो प्रश्न मोठ्यानं बोलत सोडवायला सांगायचा, आणि आपण तोंड बंद ठेवायचं. पुण्यातल्या माणसांना यातला शेवटचा भाग फार जड जातो. एकदा धावांच्या सरासरीचा एक प्रश्न मुलींना अडत होता. टेबलावर लगेच चर्चा सुरू झाली की मुली क्रिकेट खेळत नाहीत, पाहत नाहीत, वगैरे. एका गृहस्थांनी तर छोटं भाषणच केलं. मग आम्ही मुलींच्या शाळेत गेलो. पहिल्याच मुलीनं प्रश्नपत्रिका वर धरून विचारलं, इथं दशांशचिन्ह आहे का माशी बसली होती? मुलींच्या शाळांच्या केंद्रावर गेलेल्या गठ्ठ्यात छपाई पुसट होती आणि टिंब उडालं होतं. मॅडम भाषण करणाऱ्या गृहस्थांकडे बघून काही बोलल्या नाहीत, तेवढी कृपा त्यांनी केली.

नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या तासाला मॅडम दर वर्षी क्रेटचा प्रश्न फळ्यावर लिहीत. मुलं उत्तर काढत, पद्धत शिकत, प्रश्न झुकलेला आहे म्हणून काढायचा असं एकमतानं सांगत. मग मॅडम त्यांना एका मुलीची गोष्ट सांगत, नाव न घेता. तासानंतर त्या खोलीत एकट्याच बसून राहत. मी एकदा म्हटलं, दर वर्षी कशाला स्वतःला त्रास करून घेता? त्या म्हणाल्या, "मला त्रास होतो म्हणून विषय बदलायचा?"

गेल्या वर्षी बबनराव वारले. महिना उलटल्यावर मॅडमचा फोन आला, बरोबर येशील का? दुपारी आम्ही निघालो. सुरेखाताई गुलटेकडीच्या बाजूला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात, बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र आहे, ब्लाउजपीसचे गठ्ठे रचलेले असतात. आम्हाला बघून त्यांना वाटलं, भेटायला आलो आहोत, वडील गेले म्हणून. थोडा वेळ त्यांच्याबद्दल बोलणं झालं. मग मॅडमनी विचारलं, "तू लहानपणी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसली होतीस, आठवतं?"

"आठवतं ना. नापास झाले होते."

"झाली नव्हतीस," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. शब्द अडत होते, तरी मला मध्ये बोलू दिलं नाही. प्रश्न, अ आणि ब, निर्णय कोणी घेतला, बबनरावांना दिलेला शब्द. स्वतःच्या बाजूनं एक वाक्यही घातलं नाही. सुरेखाताई यंत्रावर हात ठेवून ऐकत होत्या.

त्या म्हणाल्या, "तेवढं एकच गणित मला नक्की येत होतं. तेच चुकलं म्हटल्यावर बाकीचं काय बघायचं, असं वाटलं. पुढे गणिताच्या तासाला कधी हात वर केला नाही. माझ्या मुलीलासुद्धा सांगत आले, तुझ्या आईला त्यातलं काही येत नाही, बाबांना विचार." मग त्यांनी मॅडमकडे सरळ पाहिलं. "आता कशाला सांगितलंत? मी ढ होते, हे मला पचलं होतं."

मॅडम म्हणाल्या, "चूक तुझी नव्हती, माझी होती. एवढं तुला माहीत असावं."

सुरेखाताई उठून आत गेल्या. मला वाटलं, आता त्या बाहेर येणार नाहीत. मी मॅडमना निघू या असं खुणावलं, पण मॅडम हलल्या नाहीत. आतून भांड्यांचा आवाज येत होता. सुरेखाताई चहा घेऊन आल्या. मला कपबशी दिली. मॅडमसाठी स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा आणला होता, हात थरथरले तरी सांडू नये म्हणून. पेला त्यांच्या हातात नीट बसेपर्यंत स्वतः धरून ठेवला. मग विचारलं, "मी एकटीच होते का?"

मॅडम म्हणाल्या, नाही, आणखी काही मुलं होती. त्या वेळी त्यांचे पत्ते कोणी दिले नाहीत. नंतर शोधलं, पण घरं बदललेली होती.

निघताना त्यांनी मॅडमना कोपराला धरून पायरी उतरवली, रिक्षात बसवलं, साडीचा पदर आत घेतला. मग वाकून विचारलं, औषधं घेताय ना वेळेवर? मॅडमनी मान हलवली.

"घेत जा. बाकीच्यांना शोधायचंय तुम्हाला. त्याआधी तुम्हाला काही होऊन चालणार नाही."

त्या हे मायेनं म्हणाल्या की रागानं, हे मला अजून सांगता येत नाही. दोन्ही असेल. मॅडमनी "हो" म्हटलं, वर्गात उभं राहिलेल्या मुलीसारखं.

तेव्हापासून मॅडम त्या मुलांचा शोध घेत आहेत. मार्केट यार्डाजवळच्या शाळांमध्ये जुन्या शिक्षकांना फोन करतात, पुतण्याला गाळ्यागाळ्यांवर विचारायला लावतात. आकडे दाबताना बोट घसरतं, म्हणून नंबर लावून द्यायला मी जाते. अजून कोणी सापडलेलं नाही. परवा एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी फोन ठेवताना विचारलं, इतक्या वर्षांनी सापडून आता काय उपयोग? मॅडम म्हणाल्या, ते त्यांना ठरवू दे.

मॅडम, पंचाहत्तरीला शंभर वर्षं जगा असं लिहायची पद्धत आहे. पण आपल्यासाठी याहून चांगली शुभेच्छा माझ्याआधी एका व्यक्तीनं देऊन ठेवली आहे, आणि ती देण्याचा हक्क माझ्यापेक्षा त्यांचा मोठा आहे. मी तीच इथं सगळ्यांच्या वतीनं पुन्हा म्हणते. औषधं वेळेवर घेत जा. आपल्याला काही होऊन चालणार नाही.